हेलन केलरच्या आत्मवृत्तांतील बीजगणित

हेलन केलर हिचें ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हें १९०३ सालचें आत्मवृत्त बहुतेक वाचकांच्या स्मरणांत राहतें तें एका प्रसंगामुळें. एका हातावर पंपाचें पाणी पडत आहे, दुसऱ्यावर सलिव्हनबाई बोटांनीं अक्षरें उमटवीत आहेत, आणि त्या अंध-बधिर मुलीला वस्तूंना नांवें असतात हें उमगतें. प्रसंग हृद्य खरा; परंतु आमच्या मतें ग्रंथाचें मर्म पुढें, परीक्षेच्या रुक्ष हकीकतींत आहे.

जून १८९९ मध्यें रॅडक्लिफ कॉलेजची अखेरची प्रवेशपरीक्षा होती. प्रश्न वाचून दाखविण्याची सलिव्हनबाईंस मनाई असल्यामुळें पत्रिका ब्रेल लिपींत उतरवून देण्याची व्यवस्था झाली. व्यवस्थेंत सद्भाव होता. फक्त हेलनला कोणी कांहीं विचारलें नव्हतें. त्या काळीं अंधांच्या लिपीचे निरनिराळे प्रकार प्रचारांत होते. भाषाविषयांत तिची अडचण नव्हती. पण बीजगणित ती इंग्लिश ब्रेलमध्येंच शिकलेली, आणि पत्रिका निघावयाच्या होत्या अमेरिकन चिन्हांत! हें कळलें परीक्षेला दोन दिवस उरले असतां, जुनी पत्रिका नमुन्यादाखल हातीं आली तेव्हां. आदल्या रात्रीं कंसांची व मूळचिन्हांची जुळणी तिला उलगडेना. उत्तीर्ण ती झाली, हा तिच्या चिकाटीचा महिमा, योजनेचा नव्हे.

एवढें सोसून लेखिका कोणासहि दोष देत नाहीं. अधिकाऱ्यांनीं नकळत अडचणी वाढविल्या, इतकेंच म्हणते. हा उदारपणा तिला शोभतो, पण टीकाकारास तो खटकतो. ज्याच्यासाठीं मदत योजावयाची त्यालाच वगळलें, तर मदतीचाच अडथळा कसा होतो, हें तिच्याइतकें अनुभवानें कोणास ठाऊक होतें? येथें तिनें लेखणी थोडी धारदार करावयास हवी होती. परीक्षामंडळांवर बसणाऱ्या आम्हां प्राध्यापकांस तें बोचलें असतें, आणि बोचावयासच हवें होतें.

उलट १८९० मधील प्रसंग पाहा. नॉर्वेंतील एक अंध-बधिर मुलगी बोलावयास शिकली हें ऐकून नऊ वर्षांच्या हेलननें तोच हट्ट धरला. निराशा पदरीं येईल म्हणून हितचिंतकांनीं तिला परावृत्त करूं पाहिलें होतें. तरी अखेर तिला सारा फुलरबाईंकडे धाडण्यांत आलें, व त्यांनीं तिला अकरा पाठ दिले. तिचे उच्चार पुढेंहि परक्यांस सहज समजण्याजोगे झाले नाहींत. मुलाचें ऐकलें म्हणजे सर्व साधतें असा भाबडा समज या ग्रंथावरून करून घेतां येत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण होय. मात्र हा मार्ग तिनें स्वतः निवडलेला होता.

पुस्तकाला जोडलेलीं सलिव्हनबाईंचीं पत्रें तर अवश्य वाचावीं. ठराविक वेळीं ठराविक पाठ देणें त्यांनीं लवकरच सोडून दिलें. हेलनची पंधरा महिन्यांची चुलतबहीण भाषा कशी उचलते हें पाहून, आपण तान्ह्या मुलाच्या कानाशीं जसें बोलतों तसें त्या हेलनच्या हातावर बोलूं लागल्या. संक्षिप्त आवृत्त्यांतून हीं पत्रें गाळलेलीं आढळतात. तशी आवृत्ति घरीं आणूं नये.