विनाशिकेचे नामकरण : ‘झिपांग’मधील कल्पित युद्धनौका-वर्ग

युद्धनौकांच्या संदर्भात ‘वर्ग’ ही संज्ञा वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. पहिल्या नौकेचे नाव संपूर्ण वर्गाला दिले जाते आणि त्याच आराखड्यावर बांधलेल्या पुढील नौका तिच्या भगिनी मानल्या जातात. मात्र या संज्ञेत बरेच काही गृहीत धरलेले असते : गोदी, अर्थसंकल्प, संसदेची मंजुरी आणि संभाव्य शत्रूविषयीची राज्यसंस्थेची धारणा. एखादी एकटी नौका कल्पिणारा लेखक एक पात्र निर्माण करतो. नौकांचा वर्ग कल्पिणारा लेखक एका राज्याचे धोरणच कल्पित असतो. काइजी कावागुची यांच्या ‘झिपांग’ या चित्रकथेचा विचार या भेदापासून सुरू करणे उचित ठरेल.

‘झिपांग’ ही मांगा २००० ते २००९ या काळात ‘मॉर्निंग’ या जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. सागरी स्वसंरक्षण दलाची ‘मिराई’ ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका एका वादळात सापडते आणि जून १९४२मध्ये, मिडवेच्या लढाईच्या तोंडावर, सम्राटाच्या आरमारासमोर येऊन ठेपते. ‘मिराई’ म्हणजे भविष्यकाळ. ही नौका ‘युकिनामी’ या वर्गातील असल्याचे संहिता सांगते. प्रत्यक्षात असा वर्ग कधीही अस्तित्वात नव्हता.

अनावश्यक भासणारा तपशील ‘हे वास्तव आहे’ एवढेच सुचवीत असतो, हे रोलाँ बार्थ यांनी १९६८मध्ये फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाच्या आधारे दाखवून दिले. ‘मिराई’चा १८२ हा क्रमांक, तिच्या रडारची रचना, क्षेपणास्त्रांच्या उभ्या कप्प्यांची मांडणी हे सारे तपशील प्रथमदर्शनी याच जातीचे वाटतात. परंतु त्यांचे कार्य तेवढ्यावर थांबत नाही. १९९३ ते १९९८ या काळात जपानी दलात दाखल झालेल्या ‘कोंगो’ वर्गाच्या चार विनाशिकांना हेलिकॉप्टरसाठी हँगर नव्हते आणि त्यांच्यावर टोमाहॉक क्षेपणास्त्रेही नव्हती. ‘मिराई’वर विमान ठेवण्याची सोय आहे आणि टोमाहॉकही आहेत. वास्तवातील वर्गात जी जागा रिकामी होती, नेमकी तीच कल्पित वर्गाने भरून काढली आहे. त्यांपैकी टोमाहॉकची उणीव केवळ तांत्रिक नव्हती. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या जपानी राज्यघटनेचे नववे कलम युद्धाचा त्याग करते आणि भूदल, नौदल वा वायुदल बाळगले जाणार नाही असे म्हणते. १९५४मध्ये स्थापन झालेली ‘स्वसंरक्षण दले’ ही या कलमाच्या अर्थनिर्णयनातून उभी राहिलेली संस्था आहे. दूरवर मारा करणारे शस्त्र त्या अर्थनिर्णयनाला ताण देते. कथेतील वर्ग हा अशा रीतीने राज्याने आधीच रचलेल्या एका कल्पितावर उभारलेला दुसरा मजला ठरतो.

हे कल्पित भाषेतच घडते. मराठीत ज्या नौकेला ‘विनाशिका’ म्हणतात, तिला स्वसंरक्षण दल ‘गोएइकान’, म्हणजे रक्षणार्थ सोबत करणारी नौका, असे म्हणते. सम्राटाच्या आरमारात अशा नौकेसाठी ‘कुचिकुकान’, शत्रूला पिटाळून लावणारी नौका, हा शब्द रूढ होता. १९४२च्या समुद्रात ‘मिराई’वरील माणसांपाशी स्वतःच्या नौकेसाठी असलेले नाव म्हणूनच निरुपयोगी होते. त्यांच्या नौकेवर सोळा किरणांचा तोच ध्वज फडकतो, जो समोरच्या ‘यामातो’वर आहे, पण त्या ध्वजाखालील शपथ निराळी आहे. चिन्हक एकच, चिन्हित दोन : कथेतील सारा नैतिक पेच या विसंगतीतून निर्माण होतो.

‘स्टेल्थ’ या संकल्पनेकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. रडारच्या लहरी शत्रूकडे परत जाऊ नयेत म्हणून नौकेच्या बाजू तिरप्या ठेवणे, ही १९९१मध्ये सेवेत आलेल्या अमेरिकेच्या ‘आर्ले बर्क’पासून विनाशिकांच्या रचनेत रुळलेली गोष्ट आहे. डोळ्यांनी आणि दुर्बिणींनी समुद्र न्याहाळणाऱ्या १९४२च्या टेहळ्यापुढे तिचे मोल फारसे उरत नाही. ‘मिराई’ लपून राहते ती अन्य कारणाने : कोणत्याही आरमाराच्या नोंदवहीत ती नाही, तिचा वर्ग नाही, तिची गोदी नाही. इतिहासाच्या पडद्यावर तिचा प्रतिध्वनी उमटत नाही.

ही अदृश्यता भंग पावते ती एका माणसाला वाचवल्यामुळे. उपकप्तान कादोमात्सू हा बुडणाऱ्या कुसाका या आरमारी अधिकाऱ्याला पाण्यातून बाहेर काढतो आणि कुसाका नौकेवरील ग्रंथसंग्रहात जपानच्या पराभवाचा इतिहास वाचतो. या नौकेवरील सर्वांत विध्वंसक वस्तू तिचे पुस्तकांचे कपाट आहे, हे येथे उघड होते. जुना साम्राज्यवादी जपान आणि पराभवानंतरचा जपान हे दोन्ही नाकारून ‘झिपांग’ नावाचे तिसरे राष्ट्र घडवण्याचा कुसाकाचा संकल्प आणि पुढे अणुबॉम्बकडे वळणारी त्याची वाट, यांचे मूळ वाचनात आहे.

यापेक्षाही कसोटीचा प्रसंग ‘वॉस्प’ या अमेरिकी विमानवाहू नौकेचा आहे. वास्तवात ती १५ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडाली. कथेत ती ‘मिराई’च्या टोमाहॉकने बुडते. फलित तेच, कर्ता बदलला. ‘तिची गती ठरलेलीच होती’ असे म्हणून वाचकाला सुटका करून घेता आली असती. परंतु ‘रक्षणार्थ’ बांधलेल्या नौकेने केलेला वध हा तिचाच वध आहे, याची जाणीव कादोमात्सूच्या पुढील वर्तनात टिकून राहते. कावागुचींची कथा येथे युद्धतंत्राच्या रंजनकथेहून वेगळी होते.

तरीही हा वेगळेपणा निर्दोष नाही. क्षेपणास्त्राचे कप्प्यातून सुटणे, पडद्यावरील ठिपके, आज्ञांची तालबद्ध देवाणघेवाण यांच्या चित्रणात इतकी अचूकता आहे की वाचकाचे लक्ष जखमी देहावरून यंत्राच्या कौशल्याकडे सहज सरकते. कथानक जो प्रश्न विचारते, तो चित्रणशैली मधूनमधून बोथट करते. राष्ट्रवादी स्वप्नरंजनाचा आक्षेप या कथेवर घ्यायचा असेल, तर तो कुसाकाच्या भाषणांपेक्षा या चित्रचौकटींवर घेणे अधिक न्याय्य ठरेल.

कल्पित वर्गाचे आयुष्य वास्तव त्याला गाठेपर्यंतच असते. विल्यम ब्रिंकली यांच्या ‘द लास्ट शिप’ (१९८८) या कादंबरीतील ‘नेथन जेम्स’ या विनाशिकेचा ८० हा क्रमांक २०००मध्ये सेवेत आलेल्या ‘रूझवेल्ट’ या खऱ्या विनाशिकेला मिळाला. २००७च्या जपानी ‘अतागो’ वर्गाला हँगर मिळाले. ‘मिराई’चा १८२ हा क्रमांक २०११मध्ये ‘इसे’ या सपाट डेकच्या, हेलिकॉप्टरे वाहणाऱ्या नौकेवर रंगवला गेला. ‘इसे’ हे सम्राटाच्या आरमारातील एका युद्धनौकेचे नाव. नवी नौका मात्र अधिकृतपणे ‘गोएइकान’च म्हणवली जाते. २०२४मध्ये जपानने टोमाहॉक खरेदीचा करार केला. कथेने जी रिकामी जागा कल्पनेने भरली होती, ती राज्याने प्रत्यक्षात भरली आणि घटनेच्या नवव्या कलमाचा एकही शब्द त्यासाठी बदलावा लागला नाही. ‘झिपांग’चे आजचे वाचन म्हणून भविष्यकथेचे वाचन राहत नाही. रडारला चुकवणाऱ्या नौकेपेक्षा अर्थाला चुकवणारे नाव अधिक काळ अदृश्य राहू शकते, याचा तो एक दस्तऐवज झाला आहे.