मिहराब

मिहराब : मशिदीच्या किब्ला-भिंतीतील कमानयुक्त कोनाडा. मक्केतील काबाच्या दिशेस ‘किब्ला’ म्हणतात आणि त्या दिशेस मुख करूनच नमाज पढतात. ही दिशा दर्शविणे हे मिहराबचे मूळ कार्य होय. त्यात मूर्ती, अवशेष वा पूजाद्रव्य यांपैकी काहीही नसते. इस्लामी धार्मिक वास्तूतील उत्कृष्ट अलंकरण बहुधा ज्या जागी एकवटलेले दिसते, ती जागा अशी रिकामी आहे. मिहराबच्या कलात्मक मूल्यमापनात हीच बाब मध्यवर्ती ठरते.

प्रारंभी मुसलमान जेरूसलेमकडे मुख करून प्रार्थना करीत. ६२४ मध्ये काबा हा किब्ला ठरला. मुहंमद पैगंबरांच्या हयातीत मदीनेच्या मशिदीत असा कोनाडा नव्हता. उमय्या खलीफा पहिला वलीद (कार. ७०५–१५) याच्या आज्ञेने ७०७–०९ च्या सुमारास तिची पुनर्रचना झाली, तेव्हा तीत पहिला अंतर्वक्र मिहराब घडविण्यात आला, असे परंपरा सांगते. या आकाराचे मूळ काही अभ्यासक चर्चच्या अर्धवर्तुळाकार गर्भागारात, तर काही राजसभेतील सिंहासनाच्या कोनाड्यात शोधतात. आकारसाम्याच्या दृष्टीने ही मते विचारार्ह असली, तरी त्यांनी मिहराबचा अर्थ उलगडत नाही. गर्भागारात वेदी असते, राजसभेत सिंहासन असते. मिहराबात या दोहोंची जागा केवळ दिशेने घेतली आहे. एकाच मशिदीत अनेक मिहराब असू शकतात. कैरोच्या इब्न तूलून मशिदीत (८७६–७९) ते आढळतात. एकमेव पवित्र स्थान अशी मिहराबची कल्पना नाही, हे यावरून स्पष्ट होते.

मिहराबचे रूप समजण्यासाठी दैनंदिन उपासनेची रीत ध्यानी घ्यावी लागते. दिवसातून पाच वेळा, वजू करून, उपासक किब्ला-भिंतीला समांतर अशा रांगांत उभे राहतात. इमाम मिहराबसमोर उभा राहतो. त्याचीही पाठ समुदायाकडे असल्याने कोनाड्याच्या अंतर्वक्र पृष्ठभागावरून परावर्तित होणारा त्याचा आवाज मागील रांगांपर्यंत पोहोचण्यास मदत होते. उभे असताना उपासकाने दृष्टी सजद्याच्या जागी ठेवावी, असे अनेक धर्मशास्त्रज्ञांचे मत आहे. सजद्यात तर कपाळ जमिनीला टेकलेले असते. म्हणजेच ज्या क्षणांसाठी मिहराब उभारला, त्या क्षणी त्याकडे निरखून पाहणे अपेक्षित नाही. किब्ला-भिंतीवरील झगमगाटाने चित्त विचलित होते, असा आक्षेपही धर्मशास्त्रज्ञांनी घेतला. कारागिरांना या मर्यादेतच काम करावे लागले. त्यांनी सजीवांच्या प्रतिमा टाळून सुलेखन, भौमितिक रचना व वेलबुट्टी यांचा आश्रय केला. या अलंकरणात कथा नसते. ते डोळ्यांना एका बिंदूवर खिळवीत नाही.

ट्युनिशियातील कैरवानच्या मशिदीतील मिहराब (नववे शतक) या दृष्टीने आदर्श मानावा लागेल. त्याचे अंतरंग जाळीदार संगमरवरी पट्टिकांचे असून सभोवती धातूसारखी चकाकी असलेल्या झिलईदार फरश्या विरळपणे बसविल्या आहेत. त्यांमधील मोकळ्या जागेमुळे नक्षीला विसावा मिळतो. कॉर्दोव्हाच्या मशिदीतील मिहराब दुसऱ्या हकमच्या कारकिर्दीत (९६१–७६) सिद्ध झाला. नालाकृती कमानीमागे कोनाड्याऐवजी अष्टकोनी दालन आहे. त्यावर शिंपल्याच्या आकाराचे छत आहे. कमानीवरील सोनेरी कुट्टिमचित्रण बायझंटिन परंपरेचे आहे. त्याच्या वैभवात राजसत्तेचा आविष्कार अधिक जाणवतो. मक्का तेथून जवळजवळ पूर्वेस असता, या मशिदीची किब्ला-भिंत मात्र दक्षिणेकडे बरीच वळलेली आहे. इस्फाहानच्या जामी मशिदीतील उलजायतूचा मिहराब (१३१०) चुनेगच्चीच्या खोल कोरीव कामाचा अत्युच्च नमुना होय. परंतु तेथे अक्षरे व वेली एकमेकांत इतक्या गुंतल्या आहेत, की कोनाड्याची पोकळी जवळजवळ लोपते. कौशल्याचा हा कळस असला, तरी त्यात मूळ कार्यावर कौशल्याने मात केलेली दिसते.

भारतापासून मक्का पश्चिमेस असल्याने येथील मशिदींत मिहराब पश्चिम भिंतीत असतो. विजापूरच्या जामी मशिदीतील मुख्य मिहराब मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत १६३६ च्या सुमारास रंगवून सोन्याने मढविण्यात आला. त्यात ग्रंथ व पुष्पपात्रे चितारलेली आहेत. मशिदीचा उर्वरित अंतर्भाग अत्यंत साधा असल्याने हा मिहराब अधिकच उठून दिसतो.

मशिदीबाहेरही मिहराब उपासकासोबत असतो. नमाजाच्या चटईवर (जानमाज) बहुधा कमानीचा आकार विणलेला असतो. तिचे टोक किब्ल्याकडे करून चटई अंथरली, की घर, दुकान वा प्रवासातील कोणतीही स्वच्छ जागा प्रार्थनास्थळ बनते. उशाक, गोर्देस व लादिक ही तुर्कस्तानातील केंद्रे अशा चटयांबद्दल ख्यातनाम आहेत. काही चटयांवर कमानीखाली टांगलेला दिवा दिसतो. त्याचा संबंध कुराणातील नूर सूरेतील दीपरूपकाशी जोडला जातो. पुढे अनेक चटयांत या दिव्याचे रूपांतर पुष्पगुच्छात झाले.

इस्फाहानच्या इमामी मदरशातील मिहराब (१३५४–५५) आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन वस्तुसंग्रहालयात आहे. निरनिराळ्या रंगांच्या झिलईदार फरश्या कापून, ते तुकडे जुळवून तो घडविला आहे. त्याची उंची सु. ३·४३ मी. आहे. संग्रहालयातील प्रेक्षकाला तो निवांतपणे, जवळून पाहता येतो. ही सवड नमाजात उपासकाला नसते. मात्र तेथे तो दिशेवाचून उभा आहे. भिंतीवर टांगलेल्या चटयांचीही तीच गत होते : ज्या कमानीच्या टोकाशी कपाळ टेकायचे, ती खिडकीसारखी भासू लागते. म्हणून मिहराबचे मूल्य ठरविताना केवळ नक्षीची समृद्धी हा निकष अपुरा ठरतो. पोकळी अबाधित ठेवून दिशेचे भान जागविणारा मिहराब, मग तो साध्या गिलाव्याचा का असेना, या कलेच्या प्रयोजनाशी अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.