बलुत्याचे दोन हिशेब

या उन्हाळ्यात त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) ही पुस्तके लागोपाठ वाचली. पहिल्याला संदर्भग्रंथाचा मान मिळतो, दुसरे आत्मकथन म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते. ही वाटणी मला पटत नाही.

आत्रे यांची नजर बारीक आहे. कोणाचे काम काय, सुगीला खळ्यावर कोणाचा हक्क, मागतकरी किती प्रकारचे, हे त्यांनी नेटकेपणाने नोंदवले आहे. पण हा हिशेब कुणब्याच्या खळ्यात उभे राहून मांडलेला आहे. त्यात बलुतेदार बहुधा खर्चाच्या बाजूला येतो. ‘बलुतं’मध्ये तीच व्यवस्था घेणाऱ्या हाताकडून दिसते. गावकी राबायची आणि वर भाकरी मागायलाही दारोदार जायचे! धान्य पायलीने मोजता येते, अपमान येत नाही. म्हणून तो आत्रे यांच्या हिशेबात चढला नाही.

‘गावगाडा’ यामुळे निकामी ठरत नाही. मात्र तो देणाऱ्याच्या बाजूची साक्ष आहे. त्यातला उतारा आधाराला घेणाऱ्या अभ्यासकाने ‘बलुतं’ही साक्षीला बोलवावे. एकाच पक्षाचे ऐकून निवाडा देणे हे संशोधन नव्हे.