रायबोसोमीय प्रथिनांतील रासायनिक बदल आणि प्रथिन संश्लेषणाचे नियमन : एक चिकित्सा

बीजशब्द : रायबोसोम, एस-६ प्रथिन, फॉस्फोरिलीकरण, प्रथिन संश्लेषण

प्रस्तावना :
पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनचेही उत्पादन झाले. हे औषध क्षयरोगाच्या जंतूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिन संश्लेषणात बिघाड घडविते. मात्र रायबोसोमच्या एस-१२ प्रथिनात ४३व्या स्थानी लायसिनऐवजी आर्जिनिन आले की औषध निष्प्रभ होते. राजगुरुनगर-चाकण-पिंपरी पट्ट्यातील विद्यार्थ्यांसाठी रायबोसोमचे याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु हा जनुकीय बदल होय. पेशी स्वतः रायबोसोमीय प्रथिनांत जे तात्पुरते रासायनिक बदल घडविते, त्यांनी संश्लेषणाचे नियमन होते काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

विवेचन :
उंदराच्या यकृतातील एस-६ प्रथिनाचे फॉस्फोरिलीकरण १९७४ मध्ये वर्णिले गेले. इन्सुलिन वा वाढीचे संकेत मिळताच ते वाढते व त्याच वेळी प्रथिन संश्लेषणही वाढते. यावरून पहिले दुसऱ्याचे कारण आहे, असे अनुमान रूढ झाले आणि अध्यापनातही स्थिरावले. तथापि साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. २००५ मध्ये उंदरांत एस-६ मधील फॉस्फोरिलीकरणाच्या पाचही सेरीनच्या जागी ॲलानिन घालण्यात आले. संश्लेषण घटले नाही; भ्रूणपेशींत ते उलट वाढले. पेशींचा आकार मात्र लहान झाला व शर्करेच्या नियंत्रणात दोष आढळला. म्हणजे हा बदल निरर्थक नाही, पण त्याला दिलेले कार्य त्याचे नव्हे. एमटॉर हे विकर एस-६ च्या फॉस्फोरिलीकरणास चालना देते आणि ४ई-बीपी प्रथिनांद्वारे संश्लेषणही वाढविते; एकाच कारणाची ही दोन कार्ये होत.

यावरून सर्वच रासायनिक बदल गौण ठरत नाहीत. मानवी पेशीत रायबोसोम एकमेकांवर आदळले की एस-१० व एस-२० यांना युबिक्विटिन जोडले जाते. जोडणीच्या जागा बदलल्यास सदोष संदेशावरील संश्लेषण थांबविण्याची क्रिया मंदावते, हे २०१७ मध्ये दिसून आले. येथे कार्यकारणभाव प्रयोगाने सिद्ध आहे.

निष्कर्ष :
एस-६ चे फॉस्फोरिलीकरण हे एमटॉरच्या सक्रियतेचे विश्वसनीय मापक आहे. संश्लेषणाचे नियंत्रक म्हणून ते शिकविणे योग्य नाही. नेमकी ती जागा बदलून परिणाम पाहणे, हीच अशा प्रत्येक दाव्याची कसोटी असावी. वर्गात निष्कर्षासोबत ही कसोटीही सांगितली गेल्यास विद्यार्थी केवळ माहिती न घेता पुरावा तपासण्यास शिकेल.