९७ टक्के कशाचे?

नासाने २४ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध केलेले ग्रीनलंडचे दोन नकाशे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. एक ८ जुलैचा, दुसरा १२ जुलैचा. पहिल्यात हिमस्तराचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग गुलाबी आहे, दुसऱ्यात सुमारे ९७ टक्के. आम्ही हे नकाशे शाळकरी मुलांसमोर दाखवले तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग आता तिथे तीनच टक्के बर्फ उरला का?" मुलाचे काही चुकले नव्हते. नकाशा कशाचा आहे, हे आम्हीच सांगितले नव्हते.

हा नकाशा छायाचित्र नाही, आणि वितळून गेलेल्या बर्फाचे मापही नाही. तो तयार करताना वापरलेल्या उपकरणांपैकी एक सूक्ष्मतरंग प्रारणमापक होते. ते स्वतः कोणतीही लहर पाठवत नाही. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकत असतो. त्यातला सूक्ष्मतरंगांचा क्षीण भाग हे उपकरण टिपते. ढग असोत वा ध्रुवीय रात्र, त्याचे काम थांबत नाही.

कोरड्या हिमात रव्यासारखे कण आणि भरपूर हवा असते. खालून येणारे प्रारण या कणांवर आपटून विखुरते आणि वर थोडेच पोचते. हिमाचे तापमान २५० केल्व्हिन असले तरी उपग्रहाला ते २०० केल्व्हिनच्या आसपास असल्यासारखे 'दिसू' शकते. याला दीप्ती तापमान म्हणतात. आता वरच्या थरात किंचित पाणी झाले असे समजा. पाणी सूक्ष्मतरंग चांगले शोषते, बर्फ फार कमी शोषतो. (मायक्रोवेव्ह भट्टीत गोठलेला पदार्थ गरम व्हायला वेळ लागतो, तो याच कारणाने.) जो चांगला शोषक तो चांगला उत्सर्जक, हा किर्खॉफचा नियम आपण शिकवतोच. त्यामुळे हिम ओले होताच दीप्ती तापमान एकदम २५० च्या वर उडी घेते. हिमाचे खरे तापमान वीसेक अंशांनी वाढले, पण उपग्रहाला पन्नासाहून अधिक अंशांची वाढ दिसली!

ही उडी घडवायला आकारमानाच्या एखाद्या टक्क्याइतके पाणीही पुरते. नकाशावरचा एक ठिपका साधारण २५ किलोमीटर लांबीरुंदीचा असतो, आणि त्याचे उत्तर 'ओले' किंवा 'कोरडे' एवढेच. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. किनाऱ्यालगत बर्फ वितळून त्याचे पाणी नद्यांनी समुद्राला मिळते, तो प्रदेश गुलाबी. सुमारे ३२०० मीटर उंचीवरच्या समिट केंद्राजवळ हिम काही तास ओलसर झाले, पाणी खाली झिरपून पुन्हा गोठले, तोही प्रदेश तसाच गुलाबी. पहिल्या ठिकाणी हिमस्तराने बर्फ गमावला, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ काहीच गमावले नाही. किती बर्फ गेला हे सांगायला गुरुत्वाकर्षण मोजणारे किंवा पृष्ठभागाची उंची मोजणारे उपग्रह लागतात. गुलाबी रंग ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप 'अभूतपूर्व' या शब्दाला. पत्रकाच्या मथळ्यात तो होता. पण त्याच पत्रकात, हिमगाभ्यांवरून असा प्रसंग १८८९ मध्ये येऊन गेल्याचे दिसते, हेही दिले होते. ध्रुवीय प्रदेशांवरील सूक्ष्मतरंगांची सलग नोंद १९७८ पासूनची आहे. तेवढ्या काळात असे दिसले नव्हते, हे म्हणणे खरे आणि पुरेसे गंभीर होते. मथळ्याने त्याला फुगवले आणि टीकाकारांच्या हाती आयते कोलीत दिले.

नकाशाची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. त्यात गुलाबीच्या दोन छटा आहेत. दोन किंवा तीन उपग्रहांनी ओलावा नोंदवला तिथे गडद, एकानेच नोंदवला तिथे फिकट. हे उपग्रह तीन वेगळ्या तऱ्हांनी पाहत होते. एकाच्या प्रारणमापकाची रीत वर सांगितली. दुसरे उपकरण अवरक्त किरणांवरून पृष्ठभागाचे तापमान काढते. तिसरे आपल्या इस्रोच्या ओशनसॅट-२ वरचे, ते रडारलहरी पाठवून परत आलेला भाग मोजत असे. या घटनेची पहिली चाहूल लागली ती याच भारतीय उपग्रहाच्या नोंदींवरून. म्हणजे ९७ टक्क्यांचा निष्कर्ष कच्चा नव्हता, कच्चे होते ते त्याचे वाचन. छायाप्रतीत दोन्ही छटा एक होतात आणि खालची रंगसूची बहुधा कापली जाते, तेव्हा शिक्षकांनी मूळ रंगीत नकाशाच वापरावा.

आम्ही आता त्याखाली हाताने लिहितो: 'त्या दिवशी हिमाचा वरचा थर कुठे ओला झाला.' त्यानंतर मुले विचारतात ते असे: ओला किती खोलवर, आणि किती वेळ?