गंजत नाही, पण तडकतं त्याचं काय?

धडगावला पावसाळ्यात दाराशी टांगलेला विळा चार दिवसांत तांबडा पडतो. त्यामुळे 'हलका, न गंजणारा' असं वाचलं की आपलं मन लगेच हो म्हणतं. रायफलच्या बदली भागांवरचे पेपर वाचताना मात्र जरा थांबा.

पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेली इन्सास आठवा. तिचं मॅगझिन प्लास्टिकचं, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत ही मॅगझिन्स तडकल्याच्या तक्रारी आल्या. तेही समोर शत्रू असताना!

माझा आक्षेप चाचणीवर आहे. मिठाच्या फवाऱ्याची नेहमीची चाचणी ५ टक्के द्रावणाने, ३५ अंश सेल्सिअसला होते. उणे तापमानात भाग आपटला तर काय, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. थंडीत पॉलिमरच्या साखळ्या आखडतात, आघात जिरत नाही, तडा जातो.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. घनता २.७, पोलादाची साधारण ७.८५, आकडा झकास. पण पोलादी पिनेशेजारी खारी ओल साचली की सहसा ॲल्युमिनियमच आधी झिजतं. सुटी पट्टी तपासून हे कसं दिसणार?

तुमच्या प्रपोजलमध्ये 'टिकाऊ' लिहिलंय ना? मग किती तापमानाला आणि कोणत्या धातूला जोडून, तेही त्याच ओळीत लिहा.