चितळकर : गायक म्हणून एक पुनर्विचार

चित्रपटसंगीताविषयीच्या मराठी लेखनात सी. रामचंद्र हे नाव जितक्या आदराने घेतले जाते, तितक्याच सहजपणे ‘चितळकर’ हे नाव बाजूस सारले जाते. वस्तुतः ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) संगीतदिग्दर्शक म्हणून पहिल्या नावाने वावरले आणि पार्श्वगायक म्हणून आपल्या आडनावाने गायिले. ‘अनारकली’ (१९५३) मधील लता मंगेशकरांच्या गीतांवर आणि १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत प्रथम गायिल्या गेलेल्या प्रदीप यांच्या देशभक्तिपर गीतावर पहिल्या नावाची कीर्ती उभी आहे. दुसऱ्या नावाच्या वाट्यास मात्र ‘हौशी’, ‘विनोदी’, फार तर ‘कामचलाऊ’ अशी विशेषणे आली. हा निवाडा चुकीच्या कसोटीवर दिला गेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चितळकरांचा जन्म गोदाकाठच्या पुणतांब्याचा. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली त्यांचे रागसंगीताचे शिक्षण झाले. ‘नागानंद’ (१९३५) या बोलपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. पण नट म्हणून बस्तान बसले नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी पेटीवादक म्हणून उमेदवारी केली. प्रथम तमिळ बोलपटांना, नंतर भगवान पालव यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटास संगीत दिल्यावर त्यांचे नाव झाले. म्हणजे शास्त्रोक्त गाणे येत नाही म्हणून हलके गाणे पत्करणाऱ्यांपैकी ते नव्हते. जे त्यांनी टाळले, ते समजून उमजून टाळले.

याच सुमारास अमेरिकेत घडत असलेल्या एका गोष्टीशी त्यांच्या गायनाची तुलना उद्‌बोधक ठरते. महायुद्धाच्या काळात तेथील मोठे नृत्यवाद्यवृंद पोसणे अवघड होऊ लागले आणि पाच-सात वादकांचे लहान ताफे पुढे आले. सॅक्सोफोनची ललकारी, बास वाद्याची उसळती चाल आणि त्यांवर जवळजवळ बोलल्यासारखे, खट्याळ गाणे, अशा या प्रकारास ‘जंप ब्लूज’ म्हणतात. लुई जॉर्डन (१९०८–१९७५) हा त्याचा अग्रणी गायक. आर्कान्सातील एका लहान गावी जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कलावंताने नगरांत येऊन वसलेल्या आपल्या बांधवांची बोली, त्यांचे विनोद आणि त्यांच्या घरगुती कटकटी गाण्यात आणल्या. आवाजाची भव्यता नव्हे, तर शब्द ठेक्यावर नेमका टाकण्याची हुशारी हे त्याचे बलस्थान होते.

जॉर्डनचे अनुकरण चितळकरांनी केले, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यावर प्रभाव सांगितला जातो तो बेनी गुडमन याचा. तथापि ज्या जॅझपासून जंप ब्लूज निघाला, ते मुंबईस अपरिचित नव्हते. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी, पुढे टेडी वेदरफोर्ड अशा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांनी ताजमहाल हॉटेलात आपली कला सादर केली होती. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारे हे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. त्यांपैकी हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचा चितळकरांशी निकटचा संबंध होता. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्या लयीत आपली भाषा बसवायची कशी? इंग्रजीत शब्दाचा आघात महत्त्वाचा. गायक आघात मागेपुढे सरकवून ताल झुलवतो. हिंदीत शब्दाघाताने अर्थ बदलत नाही, परंतु स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाने बदलतो. ‘कम’ आणि ‘काम’ हे दोन शब्द आहेत. तेव्हा इंग्रजी गायकाची युक्ती येथे उपयोगी नाही. दुसरीकडे, नाट्यगीताच्या परंपरेत वाढलेला गायक आकार लांबवतो, त्यात स्वर फुलतो आणि शब्द विरघळतो. चितळकरांनी तिसरी वाट काढली. त्यांनी स्वर आखडता घेतला आणि व्यंजन पुढे आणले. ‘शोला जो भडके’ या गीताच्या नावातच श, भ आणि मूर्धन्य ड हे वर्ण आहेत. त्यांच्या मुखी असे वर्ण तालवाद्याचे काम करतात. बाँगोच्या थापेला महाप्राण व्यंजनाची थाप मिळते.

याहून सूक्ष्म गोष्ट मात्रांची आहे. जॅझच्या झुलत्या लयीत ठेक्याचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा तोकडा, साधारणपणे दोनास एक असे त्यांचे प्रमाण पडते. आपल्या छंदःशास्त्रात गुरू दोन मात्रांचा आणि लघू एका मात्रेचा. म्हणजे गुरू-लघूच्या जोडीत हे प्रमाण उपजतच आहे. चितळकर हा झोल बाहेरून लादत नाहीत. भाषेत जो आहे तोच ते ऐकू आणतात. म्हणूनच त्यांचे गाणे परके वाटत नाही. इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावी, ज्याची हिंदीशी ओळख तंबूतल्या चित्रपटांपुरतीच, अशा श्रोत्याची कल्पना करावी. त्यालाही हे शब्द सुटे, स्वच्छ आणि आपल्याशी बोलल्यासारखे लागतील.

‘शहनाई’ (१९४७) मधील रविवारच्या भेटीचे गाणे आणि ‘पतंगा’ (१९४९) मधील, शमशाद बेगम यांच्यासह गायिलेले रंगूनच्या दूरध्वनीचे द्वंद्वगीत ही या शैलीची पहिली ठळक उदाहरणे होत. ‘अलबेला’त ती परिपक्व झाली. भगवान यांच्या बेताच्या, ठेंगण्या, चाळकरी व्यक्तिमत्त्वास साजेसा असा हा आवाज होता. त्यात नायकाचा रुबाब नव्हता. शेजाऱ्याचा मोकळेपणा होता. आणि हाच आवाज ‘आझाद’ (१९५५) मध्ये दिलीपकुमारांसाठी लताबाईंबरोबर मृदू प्रणयगीत गातो, तेव्हा त्याच्या साधेपणामागील संयम ध्यानात येतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला उसनवारीचा. ‘समाधी’ (१९५०) मधील एक गाजलेली चाल लॅटिन-अमेरिकी ढंगाच्या गाण्यावरून आली आहे, हे नाकारता येत नाही. परंतु चाल उसनी आणता येते. उच्चार आणता येत नाही. दुसरा आक्षेप अभिरुचीचा. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, ती याच भूमिकेतून. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अभिजाततेच्या मापाने लोकप्रिय गाण्याची लांबीरुंदी मोजण्याचा हा परिणाम होता, आणि समीक्षेनेही तेच माप वापरले.

चितळकरांच्या मर्यादाही नोंदविणे अवश्य आहे. त्यांच्या आवाजाचा पल्ला लहान होता. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ हे गीत त्यांनी स्वतः न गाता किशोरकुमार व आशा भोसले यांच्याकडे सोपविले. त्यातील निरर्थक अक्षरांत कोकणीतील ‘मला नको’ या अर्थाचे शब्दही मिसळले आहेत, ही गोष्ट स्टुडिओतील गोमंतकीय संगतीची साक्ष देते. किशोरकुमारांचा गळा अधिक लवचीक होता, हे मान्य. पण व्यंजनाशी खेळण्याची वाट तत्पूर्वीच रुळली होती. शिवाय जॉर्डन आपल्या समाजाची जिवंत बोली गात होता. चितळकरांच्या वाट्यास आली ती बहुधा स्टुडिओची, कोणाचीच मातृभाषा नसलेली हिंदी.

येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. पुणतांब्याच्या या मराठी गायकाने असले खेळकर, नागर गाणे आपल्या भाषेत का रुजविले नाही? ‘घरकुल’ (१९७०) सारख्या मराठी चित्रपटांतील त्यांचे काम मोलाचे आहे, पण ते प्राधान्याने भावगीताच्या वळणाचे. मराठीत ढोलकीचा झोल होता, चाळीची बोलीही होती. या दोहोंची गाठ घालणारा गायक समोर असताना आपण त्याच्याकडे भावमाधुर्यच मागितले. अभिरुचीचा हा संकोच केवळ त्यांचा नव्हे, आपलाही आहे. चितळकरांच्या ध्वनिमुद्रिका केवळ स्मरणरंजन म्हणून न ऐकता उच्चारशास्त्राच्या अंगाने ऐकल्या, तर मराठी गाण्याने कोणती शक्यता हातची जाऊ दिली, हे अभ्यासकांस नेमके सांगता येईल.